शून्य ऊर्जेचा पाळणा

बागेतला नवा फिरता पाळणा सुरू होण्यापूर्वी त्याची फिरण्याची ऊर्जा मोजून घेणे बंधनकारक होते. मध्ये खांब, त्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन खुर्च्या, एवढाच तो पाळणा. ऊर्जा मर्यादेत बसली तरच परवानगी. नाहीतर पाळणेवाल्याने तो भंगारात द्यावा, असा स्वच्छ आदेश होता.

चाचणीसाठी पाळणेवाल्याने घरचीच माणसं आणली. एका खुर्चीत सासूबाई, दुसरीत सासरे.

"दांड्याने जोडलेल्या वस्तूंचं परस्परांशी नातं?" तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नवराबायको," सासूबाई म्हणाल्या. "आणि वस्तू कोणाला म्हणता हो?"

सोबतच्या प्राध्यापकांनी घाईघाईने सूत्र सांगितलं. प्रत्येकाच्या वस्तुमानाला खांबापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची, तिला फिरण्याच्या वेगाच्या वर्गाने गुणून निम्मं करायचं. उत्तर मर्यादेबाहेर गेलं.

"वजन कमी करा," अधिकारी म्हणाले.

"कोणाचं?" पाळणेवाल्याने विचारलं.

सासूबाईंनी अधिकाऱ्यांकडे नुसतं बघितलं. वजनाचा मुद्दा तिथेच निकाली निघाला.

"अंतर निम्मं केलं, तर ऊर्जा पावपट होते!" प्राध्यापक खुलले. खुर्च्या आत सरकवल्या. ऊर्जा तरी जास्तच. पुन्हा सरकवल्या. अखेर दोघं खांबाला पाठ लावून बसले.

"इतक्या जवळ आम्ही लग्नातही बसलो नव्हतो," सासरे पुटपुटले.

तरीही ऊर्जा किंचित वरच. उरला वेग. अधिकाऱ्यांनी तो जपून कमी करत करत शून्यावर आणला. प्राध्यापकांनी गुणाकार केला. ऊर्जा शून्य. जागच्या जागी परवानगी मिळाली, टाळ्या झाल्या.

"पण साहेब, फिरणार कसा?" पाळणेवाला रडकुंडीला आला.

"सुरक्षित आहे ना? मग फिरवायचा हट्ट कशाला?"

दुसऱ्या दिवशी रांग लागली. लोक बसत, हात हलवत, फोटो काढून उतरत. "अजिबात गरगरलं नाही!" असं कौतुकाने सांगत.

पाळणेवाल्याला ते बघवेना. त्याने सासूसासऱ्यांना बसवलं, खुर्च्या पार टोकाला नेल्या आणि दांड्याला जोर लावला. पाळणा भन्नाट फिरला. सासऱ्यांनी डोळे मिटले. सासूबाईंचा अंबाडा सुटला.

"अजून जोरात, जावईबापू!"

"थांबवा! काही नियम आहे की नाही?"

पाळणेवाल्याने दचकून पाहिलं. अधिकारी आज फिरकलेच नव्हते. ओरडत होतो ते आपण सगळे, रांगेतले.