लेकीचा मासा

चष्मेवाल्यांची लेक नोकरीसाठी दूर गेली आणि तिच्या खोलीतला खाऱ्या पाण्याचा टँक त्यांच्या गळ्यात पडला. त्यात एकच मासा. प्रवाळातला, केशरी, पाठीवर काळ्या किनारीचे पांढरे ठिपके.

"जीव लावा हं त्याला," असं बजावून ती गेली. नंतर फोन यायचे, पण कसे? "मासा बरा आहे ना? जेवलात? ठेवते."

एका संध्याकाळी चष्मेवाल्यांनी टँकचा दिवा मालवला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तर मासा नाही!

"उडी मारली असेल," बायको म्हणाली. दोघांनी कपाट सरकवलं, पलंग उभा केला. हरवलेली कात्री सापडली, मासा नाही.

"अख्ख्या गावाला चष्मे लावता, आणि स्वतःला एवढा भडक मासा दिसत नाही!"

"पोरीला काय सांगू गं?"

"सांगता कशाला? तसाच दुसरा आणा."

दुकान बंद व्हायच्या आत ते धावतपळत गेले, जुळा भाऊ शोभेल असा मासा आणून टँकमध्ये सोडला. हात पुसून वळतात तो हाही गायब!

सकाळी पाहतात तर टँकमध्ये दोन मासे, एकमेकांच्या जिवावर उठलेले. बायकोची पिठाची चाळणी मध्ये खुपसून त्यांनी लेकीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

लेक हसतच सुटली. "बाबा, अंधार पडला की तो वाळूत शिरून झोपतो! घाबरला तरी शिरतो." मग ती बोलतच राहिली. खाणं कसं द्यायचं, भांडणं कशी सोडवायची. "आणि मोठा झाला की केशरी रंग जातो बरं का. अंग निळसर, शेपटी पिवळी. तोच हा, असं कुणी म्हणणार नाही."

"मी ओळखेन," चष्मेवाले म्हणाले.

आईने तोवर दोनदा चहा गरम केला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. "मासे बरे आहेत ना? ठेवते मग."

चाळणीच्या दोन्ही बाजूंना मासे खाण्यावर तुटून पडले होते.

"थांब, थांब! मोठ्याचं काही खरं नाही. सकाळपासून तोंड फिरवून बसलाय."

बायकोने डोळे वटारले आणि फोन हिसकावून घेतला. आता बिंग फुटणार, म्हणून चष्मेवाल्यांनी मान खाली घातली.

"अगं, हे कमीच सांगतायत," ती म्हणाली. "धाकट्यानेही अन्न सोडलंय. तूच ये बाई एकदा."