चार बेला

पाचोऱ्याच्या कोकिळाबाईंचा नवऱ्यावर भलता विश्वास. "आमचे कुंदनराव शाळेतल्या मॅडमशी बोलतात तेसुद्धा फळ्याकडं बघून," असं त्या छाती ठोकून सांगत.

एका दुपारी मात्र त्यांनी नवऱ्याचा फोन ऐकला.

"नाना, दुसऱ्या बेलाच्या डोळ्यांवर दोन पानं लिहिलीत. चौथ्या बेलाचं घाईत नको उरकायला. रविवारी जळगावला येतो, बसून ठरवू."

गॅसवर भरताचं वांगं कोळसा झालं. एक नव्हे, चार बेला! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण कोकिळाबाईंच्या डोळ्यांवर कुंदनरावांनी एक ओळ लिहिली नव्हती. चष्मा लागला तेव्हा "नंबर किती?" एवढंच विचारलं होतं.

त्यांनी शिंदखेड्याला भावाला, भटूला, फोन लावला.

"अक्का, तू रडू नको. मी शे ना," भटू म्हणाला.

रविवारी कुंदनराव जळगावच्या एसटीत बसले. मागोमाग भटूची पिकअप निघाली. कुंदनराव एका साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले, तशा कोकिळाबाईही धाडधाड जिना चढल्या. आत कुंदनराव आणि म्हातारे संपादक सुकदेवनाना कागद पसरून बसले होते.

"कुठंय ती बेला?"

नानांनी चष्मा सावरला. "कोणती, ताई?"

"चारही काढा बाहेर."

नानांनी एक कागद पुढं सरकवला. मथळा होता, 'एकाच नावाची माणसं'. खाली मुकुट घातलेले चार राजे. हंगेरीत बेला हे पुरुषाचं नाव. त्या नावाचे राजे झाले, संगीतकार झाले, असं कुंदनरावांनी सविस्तर लिहिलं होतं. चौथ्या बेलाला जाऊन साडेसातशे वर्षं झाली होती.

भटू वाकून बघत म्हणाला, "अक्का, ह्या चारी दाढीवाला शेतस."

"आणि ते डोळे?"

"काकानं फोडायला लावले होते त्याचे. लहानपणीच," कुंदनराव म्हणाले.

कोकिळाबाईंनी चारही राजे पुन्हा एकदा मोजले. कुंदनराव हळूच म्हणाले, "म्हणजे तू जळलीस? माझ्यावरून?"

"छे. मी आपली सहज आले होते."

कुंदनरावांनी ते ऐकलंच नाही. सोमवारी त्यांनी शाळेत सगळ्यांना ही हकीकत स्वतःच सांगितली. सांगताना चारच्या सहा बेला झाल्या. बुधवारी त्यांनी मिशीला कलप लावला. शनिवारी गॉगल आणला.

हल्ली शाळा सुटायच्या वेळी कोकिळाबाई रोज फाटकाशी उभ्या असतात. कुणी विचारलंच, तर कोथिंबीर घ्यायला आले म्हणतात.