बेटावर गिधाडे वीण घालतात की नाही, याची हकीकत

ज्याने समुद्रास काठ दिला आणि पाखरास पंख दिले, त्या श्रीचे स्मरण करून जे घडले ते सांगितले आहे. शके पंधराशे दोन, विक्रम नाम संवत्सर, माघ मास, समुद्र निवळून गलबते हाकारू लागली, ते समयी एका राज्यात डोलकाठ्यांची टंचाई जाहली. महाराजांनी नवे आरमार बांधावयास काढिले होते, आणि तक्ते मिळाले, दोर मिळाले, शिडे शिवून जाहली, परंतु उंच सरळ लाकूड काही मिळेना. मग आरमाराचे कारखानीस नारोपंत यांनी अर्ज केला की, किनाऱ्यासमोर एक धाकटे बेट आहे, आणि त्यावर उंडीची जुनी राई आहे, आणि एकेक झाड ऐसे की शेंडा पाहू जाता पागोटे मागे पडावे. महाराज संतोष पावले. परंतु त्या राज्यात थोरल्या महाराजांपासून एक नियम चालत आला होता की, ज्या राईत मोठी पाखरे वीण घालितात, म्हणजे घरटे करून अंडी उबवितात आणि पिल्ले वाढवितात, त्या राईस कुऱ्हाड लावू नये. आणि त्या बेटावर गिधाडे घिरट्या घालिताना खलाशांनी पाहिली होती. मग महाराजांनी आज्ञा केली, "पंत, आधी पाहून या. गिधाडे तेथे येऊन जाऊन असतात, की तेथेच वीण घालितात? येऊन जाऊन असतील तर झाडे आणा. वीण असेल तर हात हलवीत या." पंत बोलिले, "महाराज, गिधाड हे कड्याकपारीचे पाखरू. बेटावर ते जेवावयास येते, इतकेच." आणि बाळकोजी नाईकाचे लाकूडतोडे बरोबर घेऊन गलबतात बसले. पाहणीस निघालेल्या गलबतात कुऱ्हाडी कशास, हे कोणी विचारिले नाही.

त्या बेटावर भिकाई म्हणून एक बाई होती, आणि बेटाची गावकी तिच्या शब्दावर चाले. बेट कसे, तर वर हातभर माती आणि खाली सगळा कातळ. तेथे ढोर मेले तर पुरावयास जागा नाही, जाळावयास राईबाहेर लाकूड नाही, आणि प्यावयास विहीर एकच. म्हणून मेलेले ढोर दक्षिणेच्या खडकावर नेऊन ठेवीत, आणि मग राईतली गिधाडे उतरत आणि दिवस कलायच्या आत हाडे तेवढी उरत. गिधाड घाण खाते म्हणून लोक नाक मुरडतात, पण ती घाण ते खाते म्हणून आपण प्यायचे पाणी नितळ राहते, हे बेटावरल्या पोरांना चालावयास लागल्यापासून ठाऊक असे. भिकाईस तर ते फारच ठाऊक होते. ती नवी सून होती तेव्हा वादळाने राईचे शेंडे मोडले आणि गिधाडे वर्षभर फिरकली नाहीत, आणि खडकावरले कुजके पावसाने धुऊन विहिरीत उतरले, आणि त्या पाण्याने तिची दोन लेकरे गेली. तेव्हापासून ती राईकडे पाही ते देव्हाऱ्याकडे पाहावे तसे.

आणि बेटाची एक रीत होती. कोवळ्या जिवास दृष्ट लागू नये म्हणून तेथे पोरांची नावे भिकाई, दगडू, धोंडी अशीच ठेवीत, आणि पाळण्यातल्या बाळास कोणी गोड म्हणत नसे. तीच रीत राईची. कार्तिकात गिधाडे काटक्या नेऊ लागली की फाल्गुनापर्यंत कोणी घरट्याकडे बोट करीत नसे, मान वर करून पाहत नसे, आणि परक्याने विचारले तर ती येथे नाहीतच असे सांगत. त्यांच्या मनात लबाडी नसे. वाडवडिलांपासून जिभेस तेच वळण.

मग नारोपंत पुळणीवर उतरले, बैठक घातली, आणि साऱ्यांस बोलावून पुसिले, "काय हो, तुमच्या बेटावर गिधाडे वीण घालतात काय?" सारे एका तोंडाने बोलले, "नाय." धोंडी म्हातारा तर म्हणाला, "गिधाडं? कसली गिधाडं?" आणि तेवढ्यात चोचीत हिरवी डहाळी घेऊन एक गिधाड वरून गेले आणि त्याची सावली पंतांच्या पागोट्यावरून सरकली, पण पंत वर पाहणारे नव्हते. त्यांनी भिकाईस पुसिले, आणि भिकाईचीही जीभ सवयीने वळली, "नाय." पंत उठले. "झाले! बेटाच्याच तोंडून निकाल लागला. बाळकोजी, कुऱ्हाडी उतरवा."

तेव्हा आपल्याच 'नाय'ने राई जाते, हे साऱ्यांच्या ध्यानात आले. धोंडी कुजबुजला, "भिके, काय झालं गो हे! सांग आता त्यास खरं काय ते."

"सांगितलं तर म्हणेल दाखवा. दाखवलं तर वर माणूस चढवील. माणूस घरट्याशी गेला की आई पुन्हा यायची नाय," भिकाई म्हणाली. "मग राई राहून काय करायची?" आणि पदर खोचून ती राईच्या वाटेवर पुढे झाली.

पहिल्या झाडाशी तिने पंतांस गाठले. "पंत, झाडं तोडायला आलात. तर तोडणारांना त्यांची रीत पाळू द्याल की तीही घरी ठेवून आलात?"

"कसली रीत?"

बाळकोजी खाली पाहू लागला. लाकूडतोड्यांची रीत ऐसी की, पहिला घाव घालण्याआधी बुंध्यावर हात ठेवून वर हाक द्यावी, "राहणारांनो, उठा, झाड पडणार आहे," आणि विडा चघळून होईतो थांबावे. उठतील ते उठतील. एक जरी मागे राहिला तरी झाडास हात लावू नये, लावील त्याचे घर बसते. पंतांनी गलबतातच सांगून ठेविले होते की भरती साधावयाची आहे, हाकाबिका नको.

"भरती निघून जाईल, बाई!"

"जाऊ दे की. भरती पुन्हा येते. उंडी येत नाय."

बाळकोजी हळूच म्हणाला, "पंत, हाक दिल्याबिगर माझी माणसं कुऱ्हाड उचलायची नाहीत."

"तुम्ही चाकर कोणाचे?"

"महाराजांचे. पण पोरंबाळं आमचीच हायत."

पंत हसले. "द्या तर! आता पाखरांनाच पुसा." मग बाळकोजीने बुंध्यास हात लाविला आणि मोठ्याने हाक दिली, आणि कावळे उठले, बगळे उठले, पोपटांचा थवा ओरडत गेला, आणि शेवटी शेंड्यातून शीड उलगडावे तसा आवाज होऊन भले मोठे गिधाड समुद्रावर गेले. पंतांनी टाळी वाजविली. "रिकामे! घाला घाव." बाळकोजी थांबला. भिकाईने रीत मोडिली नाही, तिने वर पाहिलेच नाही, ती बाळकोजीच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि विडा चघळता चघळता त्याचा जबडा थांबला, आणि डोळे मोठे जाहले, आणि मग त्याने कुऱ्हाड भुईवर आडवी ठेविली.

"पंत, एक जण राहिलंय."

"म्हातारे असेल. लंगडे असेल."

"अंगावर लव हाय अजून. पंख हलवतं, पण उठता येत नाय त्याला."

"मला दिसत नाही!"

"मग तुम्हीच घाला पहिला घाव," आणि बाळकोजीने कुऱ्हाड उचलून पंतांच्या हाती दिली. पंतांनी रागाच्या भरात ती घेतली, आणि नेम धरू जाता त्यांची मान वर गेली. वरून एक उघडी राखी मान खाली पाहत होती. तेव्हा भिकाई मधे आली आणि बुंध्यास पाठ लावून बसली. "घाला, पंत. पण आधी मलाही हाक द्या. मला उठता येतं. मी उठणार नाय." ते पाहून धोंडी शेजारच्या उंडीखाली जाऊन बसला, आणि मग बायका, पोरे, जाळी टाकून आलेले गडी, सारे एकेका झाडाखाली बसले, आणि ओरडले, "आम्हालाही हाक द्या!" आणि पंतांनी कुऱ्हाड खाली टेकविली.

"मग मघाशी नाही का म्हणालात?" पंत बोलिले.

"कुऱ्हाडवाला दारात येऊन पाळण्यात कोण हाय विचारू लागला, तर तुम्ही काय सांगाल?"

पंतांनी कुऱ्हाड बाळकोजीस परत दिली. मग ते म्हणाले, "चला दरबारात, महाराजांसमोर साक्ष द्या."

"आमचं तोंड त्या गोष्टीला नाय. ज्याने पाहिलं त्याने सांगावं."

मग नारोपंत भरतीसवे परतले आणि दरबारात उभे राहिले, आणि मानकरी हसून पुसू लागले, "कारखानीस, काठ्या कोठे?" पंतांनी मुजरा केला आणि ताठ उभे राहून बोलिले, "महाराज, गिधाडे बेटावर वीण घालितात. बेटावरला एकही माणूस तसे म्हणत नाही. मी म्हणतो." महाराजांनी पुसिले, "आणि गलबते?" पंत बोलिले, "दुसरीकडून लाकूड आणीन. न मिळाले तर एक पावसाळा किनाऱ्यावर राहतील."

येणेप्रमाणे राई राहिली, विहीर गोड राहिली, पिल्लू फाल्गुनात उडाले, आणि आरमार वर्षभर उशिरा निघाले, त्याने राज्य काही बुडाले नाही. घडले ते इतके.