कारखान्यातल्या हाडाचं सुतक

हाडाच्या बाबतीत अख्ख्या राळेगावात माझ्याएवढा जाणकार माणूस नाही! हसू नका. वरची दाढ पडून चार वर्षं झाली, तिथलं हाड झिजलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वामनराव, नवी दाढ रोवायला हाडच उरलं नाही. वरच्या सायनसचा, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळीचा, पडदा जरा उचलू, खाली हाडाची भुकटी भरू. माणसाच्या हाडाची असते, जनावराच्या हाडाची असते, कारखान्यात बनवलेलीही असते."

म्या छाती काढून म्हटलं, "कारखान्याचीच भरा! आमच्या आईले चालली पाहिजे."

हाड भरून घरी आल्यावर हाच पराक्रम आईले सांगतला. आई ऐंशीची, सोवळ्यात पक्की. तिनं शांतपणे विचारलं, "अन् हे तिन्ही हाडं ठेवते कुठं?"

"कपाटात."

"एकाच?"

"एकाच."

झालं! कायले बोललो असं झालं!

"म्हणजे मेलेल्या माणसाचं हाड तुह्या हाडाले लागून होतं! अस्थीच नं ते? वामन्या, दहा दिवस सुतक!"

पूजा बंद, घंटी बंद, फोडणी बंद! माझी बायको रजनी तोंडात पदर खुपसून हसे. मले तेही जमत नव्हतं. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायची. नाहीतर भरलेलं हाड हलन अन् सगळं पुन्हा पहिल्यापासून! खरं सांगतो, त्या भेवानं मले झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या तुळसाबाईनं रजनीले गाठलं. "काहून वं, घंटी नाही, फोडणीचा वास नाही. सुतक आहे काय?"

"आहे," रजनी खरं बोलली.

पुढचं ऐकायले तुळसाबाई थांबलीच नाही! सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून दुपारपर्यंत पिठलं-भाकरीचं टोपलं घेऊन हजर, अन् मागं सारी गल्ली. माझा सुजलेला गाल अन् लाल डोळे पाहून सगळ्यायनं ठरवूनच टाकलं, की म्हातारी गेली!

म्हातारी मागच्या अंगणात तूर निवडून राह्यलती.

"अवं, आई तं..." मी सुजक्या तोंडानं सांगू लागलो.

"आता कुठची आई रे बापा!" तुळसाबाईनं गळा काढला.

तेवढ्यात माझी बहीण अनघा महागावहून गाडी करून पोचली. सुतक ऐकल्याबरोबर कोण्या भल्या माणसानं सकाळीच तिलेही फोन केलता! फाटकापासूनच हंबरडा. "दादा, मले शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही रे!" अन् पडली माझ्या गळ्यात. तुळसाबाईनं तिले घोटभर पाणी पाजायले टोपलं बाजूले सरकवलं, पिठल्यावरचं झाकण सरकलं, अन् लाल मिरचीचा तो ठसका थेट माझ्या नाकात!

शिंक आली. भरल्या दुःखात, बहीण गळ्यात असताना, आ करून शिंकायचं कसं? लाजेपायी माझा हात नाकावर गेला.

"वामन्या! नाक सोड! तोंड उघड!"

मागच्या दारात आई उभी!

म्या नाक सोडलं, तोंड उघडलं, अन् असा शिंकलो की अनघाचा अंबाडाच सुटला. कोणी शिंकेनं दचकलं, कोणी आईले पाहून. तुळसाबाई तं "राम राम" करत भिंतीले चिकटली. आईले कोणाचंच काही नव्हतं. तिनं दोन्ही हातानं माझी हनुवटी धरली.

"हललं तं नाही नं रे लेकरा?"

डॉक्टरचा कागद तिनं रजनीकडून रोज वाचून घेतलता, सारे नियम पाठ! मले भरून आलं, पण नाक गळन म्हणून रडताही येईना.

मंग तिनं अनघाकडे पाह्यलं. "आलीच आहेस तं जेवून जा. रडणं झालंच आहे तुहं, मी गेल्यावर नुसती ये."

पंधराव्या दिवशी तपासणीले आई संगंच आली. डॉक्टरीणबाईनं फोटो पाह्यला. "हाड जागच्या जागी आहे! आजी, आता हे कारखान्याचं हाड हळूहळू विरघळेल, आणि सात-आठ महिन्यांत तिथं यांचं स्वतःचं हाड तयार होईल."

मी खूश! "ऐकलं नं आई? परकं काहीच राहत नाही!"

"म्हणजे ते जाईन?"

"जाईनच!"

आईचा चेहरा उतरला. "बिचारं. इतके दिवस आपल्या घरचं होऊन राह्यलं. मंग त्याचेही दहा दिवस धरा लागतीन."

या वेळी मी अनघाले आधीच फोन करून ठेवणार आहे!