फाटकाबाहेरची खुर्ची

सोळा वर्षं परदेशात काढून परतलेल्या मुलीने शनिवारी सकाळी आईची वेताची खुर्ची फाटकाबाहेर ठेवली आणि तिच्यावर ‘घेऊन जा’ अशी चिठ्ठी चिकटवली.

आई जाऊन दोन महिने झाले होते. रोज संध्याकाळी ती याच खुर्चीत फाटकाशी बसायची. आता बाबा खुर्चीजवळून जाताना मान फिरवत. मुलीला ते बघवेना. तिकडे परदेशात नको असलेली वस्तू दाराबाहेर ठेवतात. ज्याला हवी तो गुपचूप नेतो.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात समोरच्या काकू, बगलेत खुर्ची.

“अगं, ही बाहेरच राहिली.”

“काकू, चिठ्ठी होती ना तिच्यावर?”

“कुणीतरी चेष्टा केलेली. फाडून टाकली मी.”

काकू गेल्यावर खुर्ची पुन्हा बाहेर गेली आणि दुपारी दिसेनाशी झाली.

“गेली बरं का, बाबा,” मुलगी म्हणाली.

“बरं झालं,” बाबा म्हणाले. पेपर त्यांनी उलटा धरला होता.

संध्याकाळी कोपऱ्यावरचा सुतार खुर्ची घेऊन हजर. “पाय डुगडुगत होता, ताई. पक्का केलाय.”

रविवारी मुलगी हट्टाला पेटली. खुर्ची उचलून ती थेट पलीकडच्या गल्लीत ठेवून आली. वाटेत भाजी घेतली, तेवढ्यात खुर्ची तिच्याआधी घरी पोचली. सुट्टी असूनही पोस्टमनने ती स्कूटरवरून आणली होती.

“पत्ता नव्हता,” तो म्हणाला, “पण लागतो कशाला?”

तोवर काकू आणि सुतारही अंगणात जमले होते.

“तिकडे माझं पहिलं टेबल मला असंच मिळालं,” मुलगी चिडून म्हणाली. “आठ वर्षं जेवले त्याच्यावर. कुणाचं होतं, कधी कळलंसुद्धा नाही.”

“आणि कळावंसंही वाटलं नाही?” काकूंनी विचारलं.

मुलीने भाजीची पिशवी खाली ठेवली.

सुतार खाली बघत म्हणाला, “बाईंनी मला त्या पायाला कधी हात लावू दिला नाही. म्हणायच्या, आमच्या घरचे करणार आहेत.”

“दोन वर्षं करतो, करतो म्हणत होतो,” बाबा दारातून म्हणाले. “तो डुगडुगणारा पाय बघवत नव्हता मला. खुर्चीचं काय वाकडं होतं माझ्याशी?”

ते हळूच खुर्चीत बसले, थोडे डावीकडे रेलले, थोडे उजवीकडे. खुर्ची हलली नाही.

सोमवारी सकाळी काकूंच्या फाटकाबाहेर एक जुनं स्टूल उभं होतं. अर्ध्या तासाने मुलगी ते बगलेत घेऊन काकूंच्या दारात उभी राहिली.

“काकू, हे बाहेरच राहिलं.”

“राहिलं कसलं? मुद्दाम ठेवलं होतं. म्हटलं, तुझी तिकडची पद्धत बघावी करून. चिठ्ठी लावली होती की त्याच्यावर.”

“हो का?” मुलगी म्हणाली. चिठ्ठीचे तुकडे तिच्या मुठीत होते.