काकडी पिळण्याची ग्रीक पद्धत

ग्रीक दही-काकडी जगात फक्त दोन माणसांना जमते. एक, समुद्रकाठच्या त्या खानावळीतल्या स्वयंपाकीणबाई. दुसरा मी. बाकीचे लोक नुसतेच दह्यात काकडी घालतात.

मोठेपणा म्हणून सांगत नाही. सहलीतले बाकीचे प्रवासी पडके खांब बघत फिरत होते, तेव्हा मी त्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. शेवटी त्यांनी किसलेल्या काकडीची पुरचुंडी माझ्या मुठीत दिली, वरून स्वतःची मूठ ठेवली आणि आवळली. माझी बोटं पांढरी पडली तरी सोडेनात. सगळं ज्ञान त्या आवळण्यात आलं. काकडीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं. दयामाया नाही.

परत आल्यावर मी मेहुण्याला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे रीत पाळली. तो खालच्याच मजल्यावर राहतो आणि वास आला की वर येतो. मी त्याला खानावळ, समुद्र, मूठ, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"भावोजी, दही आपल्याकडे मिळतं. काकडीही मिळते. तुम्ही समुद्र ओलांडून नेमकं काय आणलंत?"

"तंत्र," मी म्हणालो.

साहित्य

घट्ट दही, काकड्या, लसूण, शेपू, लिंबू, ऑलिव्ह तेल, मीठ. काकडी पिळायला एक स्वच्छ सुती कापड.

या शेवटच्या वाक्याशी वाचकांनी जरा थांबावं. मी थांबलो नव्हतो.

कृती

काकड्या किसून मीठ लावून ठेवाव्यात. पाणी सुटेपर्यंत कापड शोधावं. स्वयंपाकघरातल्या एका फडक्याला चहाचे डाग असतील. दुसऱ्यानं मेहुण्याची सायकल पुसलेली असेल. मग बाहेरच्या खोलीत जावं, जिथे बायकोचं शिवणयंत्र असतं. बायको चेन आणायला दुकानात गेलेली असावी.

टेबलाच्या कडेला मांजरपाटाचा एक तुकडा पडला होता. जाड, कोरा, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळता, आणि बाजूनं शिवण घातलेली. देवानं जणू काकडी पिळण्यासाठीच शिवला होता. निमुळत्या तोंडाला मी गाठ मारली, रुंद तोंडातून कीस भरला. एक टोक मेहुण्याच्या हातात, एक माझ्या. दोघांनी उलट दिशांना पीळ दिला. शिवण करकरली, पण टिकली. बायकोचं काम पक्कं असतं.

वाडगाभर पाणी निघालं. आत उरलेली काकडी इतकी कोरडी होती की ती काकडी आहे हे सांगावं लागलं असतं.

कृती, थोडी मागे जाऊन

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. बायको एवढी वर्षं लोकांच्या पँटी आखूड करत होती आणि तुटलेल्या चेनी बदलत होती. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्याकडे रेशमाचं काम आलं होतं. एका मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंचा स्टेजवरचा झगा. बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, हा अंगाला नीट बसला तर सगळ्या ऑर्केस्ट्राचे कपडे तुमच्याकडे. बायको दोन रात्री नीट झोपली नव्हती.

महागाचं रेशीम कोणी थेट कापत नाही. आधी स्वस्तातल्या मांजरपाटाचा नमुना शिवायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचा, मग रेशमाला कात्री. त्या नमुन्याचा पुढचा भाग, पाठ आणि डावी बाही टेबलावर व्यवस्थित मांडलेली होती.

उजवी कडेला होती.

कृती, पुन्हा

लसूण ठेचत असताना बायको परत आली. बाई कुठल्याही क्षणी येतील, तुम्ही दोघं स्वयंपाकघरातून बाहेर पडू नका, असं बजावून ती तुकडे जोडायला बसली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

"अहो, इथली बाही कुठे गेली?"

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वाडग्याकडे, आणि चमचा उचलून दही चाखायला सुरुवात केली. संकटकाळी माणसाचा स्वभाव कळतो.

बाही हिरवी झाली होती. मी ती घेऊन न्हाणीघरात गेलो आणि डाग जावा म्हणून उकळतं पाणी ओतलं. डाग गेला. ओली बाही देता येईना म्हणून कडक इस्त्री फिरवली. गरम पाणी आणि तापलेली इस्त्री एकामागोमाग लाभली की कोरा मांजरपाट काय करतो, हे मला माहीत नव्हतं. मांजरपाटाला माहीत होतं.

"ही काय, टेबलाखाली पडली होती," असं म्हणून मी बाही पुढे केली. तिनं घाईघाईत कच्चे टाके घातले. तेवढ्यात बेल वाजली.

मुरू द्यावे

व्हायोलिनवाल्या बाई काडीसारख्या बारीक आणि बोलायला मोजक्या होत्या. व्हायोलिन बरोबरच आणलं होतं. नमुना अंगावर चढवला, हनुवटीखाली व्हायोलिन धरलं आणि एक संथ सूर काढला. छान. मग त्यांनी लय वाढवली. उजवं कोपर अर्ध्या वाटेवर अडकलं आणि तारांमधून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा बिजागरी. त्या म्हणाल्या की स्टेजवर असं एकदा जरी झालं तरी त्यांची खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळेल.

बायकोनं टेप लावली. वहीतलं माप पाहिलं, परत टेप लावली. स्वयंपाकघराच्या दारातून मला तिचा चेहरा दिसत होता. चिडलेला असता तर मी कदाचित आत सरकलो असतो. तो चिडलेला नव्हता.

"माझा हात मापात कधी चुकला नव्हता," ती हळूच म्हणाली. "बाई, हे रेशीम मी कापत नाही. तुम्ही दुसरीकडे दाखवा."

ती रेशमाची गुंडाळी परत कागदात बांधायला लागली.

"माप बरोबर आहे," मी बाहेर येऊन म्हणालो. "बाही मी पिळली."

"काय केली?" बाईंनी विचारलं.

"पिळली. काकडीसाठी."

बाईंनी बाहीत दोन बोटं घातली आणि काकडीचा एक फिका धागा बाहेर काढून उजेडात धरला.

बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "गरम पाण्यात घातलीत?"

"उकळत्या."

"वर इस्त्री?"

"वाफ निघेपर्यंत."

"म्हणजे कापड आटलं," म्हणत तिनं मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत बसली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला उद्देशून नव्हता. मग उठून तिनं तिथल्या तिथे नवी बाही कापली आणि टाचली. बाईंनी लय वाढवली, आणखी वाढवली, कोपर पाण्यासारखं फिरलं. वाजवणं थांबलं तेव्हा बाईंनी ऑर्केस्ट्राचं काम तिला देऊन टाकलं. एकच अट होती. कोणाचाही नमुना अंगावर घालून बघताना हे गृहस्थ घरात नकोत. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत बायकोनं ती मान्य केली.

वाढण्याची पद्धत

थंड करून लगेच वाढावी. चव कशी झाली होती हे मी सांगू शकत नाही, कारण मी स्वयंपाकघरात परतलो तोवर मेहुण्यानं वाडगा पुसून ठेवला होता. पाण्याचा टिपूसही नव्हता भावोजी, असं त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं.

सध्या मी जिन्यात बसलो आहे. आज ड्रमवाले गृहस्थ आले आहेत. खांदे रुंद आहेत, वेळ लागेल. मेहुणा आत आहे. त्याच्यावर बंदी नाही.