पुस्तकाची कड बघणारे मुजावरकाका

मुजावरकाका पुस्तक उघडत नाहीत. मिटलेलं पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरतात, पानांच्या कडा निरखतात आणि निकाल देतात, "लेखक विद्वान आहे. चौथ्या प्रकरणात पोरं पळून गेली."

आमच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या कॉलेजात ते ग्रंथालयातले सहायक होते. शिक्षण बारावी, तेही कॉमर्स. प्राध्यापकांनी सांगितलेली पुस्तकांची यादी दाखवली की म्हणायचे, "ही सरांना त्यांच्या सरांनी दिली होती. मधल्या कुणी वाचली म्हणता?" त्यांचं शास्त्र सोपं होतं. बोटं लागून कड जिथपर्यंत काळी, तिथपर्यंत पुस्तक समजतं. पुढे पांढरीशुभ्र असली, तर तिथे लेखकाने हात सोडला.

मी हीट ट्रान्सफरच्या पेपरात दोनदा उडाले होते. तिसऱ्यांदा उडालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. मी काकांकडे सगळे मिरवत तो जाडजूड परदेशी ग्रंथ मागितला.

"तो तुम्ही वाचणार नाही, नुसता वागवणार," ते म्हणाले आणि कव्हर गेलेलं एक किरकोळ पुस्तक पुढे सरकवलं. त्याची कड शेवटपर्यंत काळी होती. "दिसायला गरीब आहे, पण घरापर्यंत सोडतं."

सोडलं. हडपसरच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं नोकरी करते आहे ती त्या पुस्तकावर.

आता माझी मुलगी रेवा तेच शिकते आहे. हीट ट्रान्सफर आल्यावर तिने टॅबमध्ये चाळीस पुस्तकं उतरवली आणि एकही वाचलं नाही. मी तिला स्कूटरवर घातलं आणि कोथरूडहून थेट काकांच्या घरी नेलं. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. कॉलेजने रद्दीत काढलेली पुस्तकं त्यांनी घरी आणून पलंगाखाली लावली आहेत. पण ती मागायला कुणी येत नसावं. पाहुण्यांच्या खुर्चीवर कपडे वाळत होते.

रेवाने टॅब पुढे केला. काकांनी सवयीने तोही आडवा धरला.

"यात आधीची पोरं कुठे अडली, ते कळत नाही हो," ते म्हणाले. मग बराच वेळ पलंगाखाली शिरून एक पुस्तक घेऊन आले.

तेव्हापासून रेवा दर रविवारी जाऊ लागली. ती अडली की काका पुस्तक बदलत. "या गृहस्थांना समजवता येत नाही. दुसरे देतो."

निकाल लागला. रेवा पहिल्याच फटक्यात पास झाली. मी तिला बजावलं, "काकांना इतक्यात सांगू नकोस. विषय अडलाय म्हण आणि जात राहा." खोटं बोलायला शिकवण्याची ही माझी पहिलीच वेळ.

रविवारी ती परत आली. "आई, त्यांना ठाऊक होतं. माझा सीट नंबर त्यांनी लिहून ठेवला होता. शेजाऱ्यांच्या मोबाइलवर माझ्याआधी निकाल बघितला."

"मग? काय म्हणाले?"

"पेढा दिला. मग पलंगाखालची पुस्तकं पुन्हा नीट लावत बसले. शेवटी विचारलं, 'पुढच्या सेमिस्टरला एखादा विषय जड जाण्यासारखा आहे का हो?'"

मी पुढचा अभ्यासक्रम काढून बघितला. पाचही विषय जड होते. बरं झालं.